मागची माती

पुडी अजून गरम झाली नव्हती. कोटाच्या डाव्या खिशात उत्तरा ती दोन बोटांनी दाबत होती, चोळत होती — आत लोखंडाचा भुगा असतो म्हणे, हवा लागली की तापतो — पण बोटांना लागत होती नुसती थंड वाळू. कायरो म्हणतात हिला. पहाटे कोन्बिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, कॉफीबरोबर घेतली होती. फोडल्यावर हलवायची असते का ही? की हलवली तर बिघडते? लेकीला, मितालीला, असलं सगळं बरोबर माहीत असतं, तिच्या वर्गातल्या पोरी हिवाळाभर अशा पुड्या खिशात घालून फिरतात... तिने पुडी पुन्हा दाबली, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात बाहेर आहे. खांद्याच्या रेषेत सरळ, तर्जनी दरीपलीकडच्या डोंगराकडे रोखलेली. आणि तोंडातून शब्द निघूनही गेला होता.

“योशी.”

म्हाताऱ्या शिकाऱ्याने, ओनुकी-साननी, मान हलवली आणि रायफलचा बोल्ट पुढे ढकलला. धातूवर धातू सरकल्याचा हलका, तेलकट आवाज झाला. गोळी आत गेली.

आपण बघितलं का?

बघितलं असणार. बोट गेलं म्हणजे डोळाही गेला असणार; त्यासाठीच तर ही पद्धत. इथे जपानात स्टेशनवर पांढरे हातमोजे घातलेला माणूस रिकाम्या रुळांकडे बोट दाखवतो, सिग्नलकडे दाखवतो, आणि कुणी ऐको न ऐको, मोठ्याने म्हणतो, योशी — ठीक आहे. पुण्याहून नवीन आली तेव्हा तिला हसू यायचं. मग हसू थांबलं आणि हेवा वाटायला लागला. किती सोपं! बोट दाखवायचं, म्हणायचं, विषय संपला. तिचा विषय कधी संपायचाच नाही. गॅस बंद केला का, म्हणून जिन्यातून परत. दार ओढलं का, म्हणून गाडीतून उतरून परत. विवेक स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचा आणि ती परत येऊन पट्टा लावेपर्यंत एक अक्षर बोलायचा नाही, आणि ते न बोलणं सबंध रस्ताभर गाडीत चौथ्या माणसासारखं बसलेलं असायचं. राईचा पर्वत करणारी बाई अशी तिची घरात ख्याती. मग एक दिवस तिने गॅसच्या बटणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, योशी. आणि जिन्यातून परत यावं लागलं नाही. मिताली कपाळाला हात लावून म्हणाली, “मो ई यो, आई” — पुरे आता — पण विवेकने मित्रांच्या जेवणात कौतुकाने सांगितलं, आमच्या हिला स्टेशनमास्तरने बरं केलं.

तीच पद्धत तिने इथे आणली होती, या डोंगरातल्या कामात. बंदूक भरण्याआधी तिघांनी आपापली गोष्ट बोटाने दाखवून म्हणायची. ओनुकी-साननी बंदुकीची. तिच्या ऑफिसातल्या सारंगने माणसांची — खालचा जंगलरस्ता बंद केलाय, आपले लोक नारिंगी जाकिटात जिथल्या तिथे आहेत. आणि उत्तराने मागची.

मागची म्हणजे हरणाच्या मागची. त्सुकुबातल्या त्यांच्या कंपनीला हे काम मिळालं तेव्हा तिला वाटलं होतं, हरणं कुठे येतात ते शोधायचं. हरणं काय, कुठेही येतात. हरणं इतकी झालीत की तोचिगीच्या या डोंगरांत झाडांच्या साली माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत सोलून निघाल्या आहेत, आणि मारणारे हात म्हातारे होत चाललेत. एका दरीतले शिकारी संपले की दुसऱ्या दरीतले बोलवायचे, ज्यांना हा डोंगर ठाऊक नाही, म्हणून नकाशा. दरीच्या एका अंगाला बसून दुसऱ्या अंगावरचं हरीण लांबून टिपायचं, तर बसायची जागा अशी हवी की समोर उघडं दिसेल, वारा आडवा लागणार नाही, आणि सगळ्यात आधी — हरणाच्या मागे माती हवी. चढती, घट्ट, गोळी गिळून टाकणारी माती. रायफलची गोळी चुकली, किंवा हरणातून आरपार गेली, तर ती थांबत नाही. मागे आकाश असेल तर ती कोसभर जाऊन कुठे पडेल ते पडेल. त्यामुळे आकाशावर उभं असलेलं हरीण, कितीही सुंदर दिसलं तरी, मारायचं नाही. हा इथला पहिला धडा. उत्तराला तो पहिल्याच दिवशी पाठ झाला, कारण तिच्या मनाची घडणच अशी की कुठलीही वस्तू दिसली की ती आधी तिच्या मागे काय आहे ते बघते.

आणि आज बघितलं की नाही ते आठवत नव्हतं.

तिने दुर्बीण उचलली. बोटं बधिर झाली होती; काच डोळ्यांपुढे स्थिर होईना. दरीच्या पलीकडे, साधारण त्यांच्याच उंचीवर, वाळलेल्या गवताची एक सपाट पायरी. हरणांची वाट तिथेच येऊन उघडते. पायरीच्या मागे सीडरची झाडं, काळी, सरळ, सगळी एका वयाची, कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी ओळीत लावून विसरून गेलेली. आणि झाडांच्या मागे...

झाडांच्या मागे पांढरं होतं.

खोडाखोडांच्या मधून उभ्या पट्ट्या दिसत होत्या, फिक्या, दुधट. बर्फ असेल. परवाच पडलाय, सावलीतल्या चढावर राहिला असेल. चढावर बर्फ म्हणजे बर्फाखाली माती. की धुकं? की नुसतं सकाळचं आकाश, अजून रंग न भरलेलं? तिने दुर्बिणीचं चाक फिरवलं. पट्ट्या पुसट झाल्या, पुन्हा स्पष्ट झाल्या, आणि होत्या तशाच पांढऱ्या राहिल्या.

नकाशात तिथे डोंगर आहे. अगं, आहे! तू स्वतः बघितलायस. पायरीच्या मागे जमीन चढत जाते, माथा पायरीपेक्षा सात-आठ मजले उंच. म्हणून तर बसायच्या जागांच्या यादीत ही सगळ्यात वर आली. मन चिंती ते वैरी न चिंती. श्वास घे. बोट दाखवलंस, म्हणालीस, विषय संपला...

आणि नेमकी तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. हद्दीवरचा तुकडा.

हा माथा दोन प्रांतांच्या हद्दीवर येतो. जमिनीची उंची विमानातून लेझरने मोजलेली असते. लेझर पानांच्या फटींतून खाली उतरतो आणि खरी माती मोजून येतो. पण हद्दीवर दोन प्रांतांच्या मोजण्या नीट जुळत नव्हत्या, मध्ये एक भोक राहिलं होतं, आणि ते भोक तिने उपग्रहाच्या उंचीने बुजवलं होतं. तात्पुरतं. उपग्रह बिचारा वरून बघतो. त्याला झाडाचा शेंडा दिसला की तो म्हणतो, ही जमीन. खाली खिंड असो, खड्डा असो, त्यात पुरेशी उंच झाडं उभी असली की उपग्रहाच्या लेखी तिथे डोंगर. पुढे प्रांताच्या कार्यालयाकडून खरा तुकडा आला होता, आणि तिने तो बदलला होता.

बदलला होता. बदललाच होता. तिला आठवतंय ना — खिडकीबाहेर सायकलींची रांग, संध्याकाळ, ती फाईल उघडतेय... की ती दुसरी फाईल होती? की बदलायचाय असं म्हणून ती उठली, आणि मितालीला क्लासहून आणायला गेली, आणि सायकल चालवताना सबंध रस्ताभर मनात बदलत राहिली, इतकी नीट, इतकी सविस्तर, की आता ते केल्यासारखंच आठवतंय? गॅसचंही असंच व्हायचं. हाताला बटण फिरवल्याची आठवण असायची, पण ती आजची की कालची हे आठवण सांगायची नाही. म्हणून तर परत जावं लागायचं. इथून कुठे परत जाणार? लॅपटॉप त्सुकुबात. फोनला रेंज नाही. बंदूक भरलेली.

मी म्हणाले, योशी.

 नकाशा खोटा असेल, तर त्या झाडांमागे माथा नाही, खिंड आहे. आणि खिंडीच्या पलीकडे काय आहे ते तिने आज सकाळीच डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच वस्तीतून तर त्यांचा ट्रक वळसा घालून या अंगाला वर आला. पाच-सहा घरं, त्यांतली निम्मी बंद. एका घराच्या वळचणीखाली एक बाई बांबूवर पांढरे मुळे टांगत होती, वाळवायला, लोणच्यासाठी. स्टुलावर चढली होती आणि ट्रक दिसला तशी त्या स्टुलावरूनच तिने कमरेतून वाकून नमस्कार केला होता. पडेल की काय ही, असं उत्तराला वाटलं होतं. आता त्या बाईची पाठ तिला दिसत होती. राखाडी स्वेटर. वर केलेले हात. मुळा बांधताना किंचित पुढे झुकलेली मान. ती बाई आता तिथे असेलच असं नाही, आत जाऊन चहा पीत असेल — पण उत्तराच्या मनात ती हलेचना.

तिच्या शेजारी ठाण्याचा सारंग पोटावर पालथा पडून वाऱ्याचं यंत्र बघत होता. तिच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, कशाचीही भीती नसलेला, रविवारी डोंगरात सायकल घेऊन जाणारा मुलगा. ती त्याच्याकडे सरकली.

“सारंग,” ती कुजबुजली. “हद्दीवरचा तुकडा आपण रिप्लेस केला होता ना?”

“कुठला?”

“अरे, सॅटेलाइटचा होता तो. आपण टेम्पररी टाकला होता.”

“तू करणार होतीस ना तो? तू म्हणालीस, मी करते.”

“हो, पण तू नंतर नकाशा रन केलास तेव्हा बघितलं असशील.”

“नाही गं ताई.” तो तिच्याकडे वळला. चेहऱ्यावर अजून हसूच होतं. “तुझं काम मी कशाला चेक करू? तू सगळं तीन-तीनदा बघतेस. ऑफिसात सगळे तुझ्याच जिवावर निवांत असतात.”



तिच्या जिवावर. म्हणजे इतकी वर्षं ज्याला ते हसत होते, त्याच्यावरच टेकून बसले होते. ही घाबरट आहे ना, मग आपण घाबरायची गरज नाही. एका घराला एक घाबरट पुरे. आणि ती? ती त्यांच्या हसण्यावर टेकून बसली होती. ते हसताहेत म्हणजे काही नसेल, म्हणजे हेही नेहमीसारखंच, गॅससारखं, दारासारखं. तिने बोटावर भार टाकला, त्यांनी तिच्यावर टाकला, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे खरं म्हणजे कुणीच बघितलेलं नाही.

“काय झालं?” सारंगचं हसू गेलं होतं. “तुला आठवत नाहीये?”

“आठवतंय. म्हणजे... वाटतंय की केला.”

“ताई, केला की नाही केला?”

ओनुकी-साननी डावा हात किंचित वर केला. चूप. पायरीवर हरीण आलं होतं.

मादी होती. हिवाळ्याचा राखी-तपकिरी अंगरखा, कान एकदा पुढे, एकदा मागे. गवताच्या कडेला येऊन ती थांबली, मान खाली घातली, पुन्हा वर केली. ओनुकी-सानचा गाल बंदुकीच्या लाकडावर टेकला. त्यांच्या पाठीचा नारिंगी रंग श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता, आणि आता तो खाली येऊन थांबणार होता.

बोल. नको, थांब. मागच्या महिन्यात तू असंच केलं होतंस. झाडीत माणूस आहे म्हणून सगळ्यांना थांबवलंस, आणि निघाली काय तर फांदीला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी.  ओनुकी-सान म्हणाले, दाइजोबू, दाइजोबू, काही हरकत नाही — दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणतानाचं ते सौजन्य आठवून तुला रात्री झोप लागली नव्हती. त्यात पुन्हा आज. लांडगा आला रे आला. आणि तुकडा बदललेला निघाला तर? मागे सणसणीत डोंगर निघाला तर? मग तुझ्या कुठल्याच योशीला अर्थ उरणार नाही, आणि तुझ्या भीतीलाही नाही... भीती खरी असते तेव्हा ती वेगळी लागते का? चव वेगळी असते का तिची? नाही. तीच कोरडी जीभ, तेच गार हात. गॅसला जी भीती तीच या बाईला. राखाडी स्वेटर, वर केलेले हात. मी काय करू, माझ्याकडे एकच भीती आहे, मी तीच सगळीकडे वापरते.

नारिंगी पाठ खाली आली. थांबली.

“थांबा!”

आवाज तिचाच होता. मराठीत. जपानी शब्द तिला येत होता, शंभरदा वापरला होता, पण घशातून आला तो हा, आणि दरीभर गेला. “अहो थांबा, थांबा!”

ओनुकी-सानना मराठीचं अक्षर येत नाही. पण त्यांचं बोट चापावरून सुटलं, सरळ झालं आणि तसंच राहिलं. पलीकडे मादीने डोकं वर करून या बाजूला बघितलं. मग फारशी घाई न करता ती वळली, सीडरच्या खोडांत शिरली आणि दिसेनाशी झाली. चढून गेली की उतरून, तेही कळलं नाही.

बोल्ट मागे आला. न उडालेली गोळी ओनुकी-साननी तळहातावर घेतली, खिशात टाकली, मोकळी बंदूक दोघांना दाखवली आणि बोटाने दाखवून म्हणाले, योशी. मग उत्तराकडे वळून थोडे वाकले.

“वाकारिमाशिता,” ते म्हणाले. समजलं. काय समजलं ते त्यांनी सांगितलं नाही.

तिने सांगायचा प्रयत्न केला. हद्द, उपग्रह, झाडांचे शेंडे. जपानी शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होते. मागे कदाचित माती नसेल, ती म्हणाली. कदाचित. ओनुकी-साननी दुर्बीण घेतली आणि बराच वेळ पलीकडे बघितलं. तोवर खालून धुकं चढू लागलं होतं. पायरी गेली, खोडं गेली, फक्त शेंड्यांची ओळ हवेत तरंगत राहिली. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. हा डोंगर माझा नाही, ते म्हणाले, मला सांगता येणार नाही.

“जाऊन बघू या ना,” सारंग म्हणाला. “पुढच्या आठवड्यात दुसरी टीम याच पॉइंटवर बसणारेय. आज सोक्षमोक्ष लावून टाकू.”

जायलाच हवं होतं. दरी उतरली, ओढा ओलांडला, पलीकडचा चढ सुरू झाला. ओनुकी-सान बंदुकीपाशीच थांबले होते. सारंग पुढे, ती मागे; धुक्यात त्याचं नारिंगी जाकीट दिवा लावल्यासारखं दिसत होतं.  एरवी अशा वेळी त्याने तिला चिडवून घेतलं असतं — ताई, तुझ्या हातात टीव्हीचा रिमोटसुद्धा देऊ नये — पण तो गप्प होता, आणि त्याच्या गप्प राहण्यात तिला विवेकची गाडी ऐकू येत होती.

जीव भांड्यात पडायला हवा होता. गोळी सुटली नव्हती. ती बाई, कुठे असेल तिथे, धडधाकट होती. वस्तीतली सगळी घरं जिथल्या तिथे होती. ज्याची भीती होती ते झालं नव्हतं आणि आता होणार नव्हतं. मग हे काय राहिलं होतं आत, अजून तसंच, उलट जास्तच? ती गवताची पायरी चढून वर आली. मादीच्या खुरांचे ठसे होते, ओल्या मातीत, ताजे. ठशांच्या पुढे पहिली सीडरची रांग, आणि रांगेमागे धुकं. इथूनही कळत नव्हतं. सात-आठ झाडं ओलांडून गेलं की कळणार होतं.

तिथे माती निघाली तर.

हे मनात आलं आणि ती एका खोडाला हात टेकून थांबली. तिथे घट्ट, चढती, बर्फाने झाकलेली माती निघाली तर — तर सगळं ठीक, तर ती बाई मुळात धोक्यात नव्हतीच, तर आपण फक्त पुन्हा एकदा गॅस बघायला परत आलो... आणि तिच्या लक्षात आलं की चढाच्या पायथ्यापासून आपण एक गोष्ट मागत वर आलो आहोत. पावलापावलाला. देवाजवळ मागावी तशी. तिथे माती नसू दे. खिंड असू दे. उघडी, खोल, पलीकडच्या कौलांपर्यंत सरळ जाणारी. ती बाई रेषेत असू दे.

बापरे.

तिने हे मागे घ्यायचा प्रयत्न केला. मला तसं म्हणायचं नव्हतं. मला तिचं वाईट... मी तर तिच्यासाठीच ओरडले. तिच्यासाठी? विवेकसाठी परत जायची ती, मितालीसाठी, घर जळू नये म्हणून, शेजाऱ्यांसाठी; सगळी भीती दुसऱ्यांसाठी, असं ती समजत आली होती. आणि आता इथे एका अनोळखी बाईच्या पाठीवर गोळी लागण्याची शक्यता ती मनाने घट्ट धरून उभी होती, सुटू नये म्हणून, कारण ती सुटली तर उत्तराजवळ काहीच उरणार नव्हतं. खोडाची साल तिच्या तळहाताखाली दोरासारखी सुटत होती. हरणांनी सोललेली होती बहुतेक. 

पुढे सारंग शेवटच्या झाडापाशी पोहोचला होता. तो थांबला. त्याने एक हात खोडाला लावला आणि पलीकडे किंवा वर, कुठेतरी बघत राहिला. धुक्यात त्याच्या मानेचा कल कळत नव्हता. पाठ तशीच, काही न सांगणारी. आता तो वळेल. वळला की त्याच्या चेहऱ्यावर दिसेलच.

उत्तरा तशीच उभी राहिली. पाय पुढे टाकला नाही, मागेही घेतला नाही. आयुष्यभर जिने प्रत्येक बंद दार पुन्हा उघडून बघितलं, तिला आता एवढंच वाटत होतं की सारंगने वळू नये. आणखी थोडा वेळ त्याने तसंच पाठमोरं राहावं.